काडतूस भरणारा हात

‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. ‘पिस्तूल’ हाही त्यांच्याकडूनच. शब्द आले तेव्हाच्या तोडेदार बंदुकीला मात्र आजच्या अर्थाचे काडतूस नव्हते. दारू मोजून नळीत ओतायची, वर शिशाची गोळी सोडायची, गजाने ठासायची, कानाशी रंजक घालायची आणि पेटता तोडा लावायचा. प्रत्येक बार त्या त्या वेळी, त्याच हाताने सिद्ध होत असे. जो झाडणार त्यानेच भरावे, असा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता. दुसरा मार्गच नव्हता.

पुढे भरणारा हात आणि झाडणारा हात वेगळे झाले. ही फारकत कशी झाली, तिच्यातून आपल्याच मुलखात केवढा वणवा पेटला आणि दूर अमेरिकेत हे दोन हात पुन्हा एकत्र येऊन उतारवयातील माणसांचा एक छंद कसा उभा राहिला, हे वाचकांपुढे मांडण्याचा आमचा मानस आहे. शासकीय सेवेत असताना काही वर्षे जिल्हा कार्यालयातील शस्त्रपरवान्यांच्या नस्त्या आमच्याकडे होत्या. या विषयाची गोडी तेथून लागली.

आपल्या पूर्वजांना दारूचा धाक होता. शोरा, गंधक आणि कोळसा यांचे ते मिश्रण ओलाव्याने मरते आणि ठिणगीने घात करते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरणात दारूखाना राहत्या घराजवळ नसावा, दारू आणि बाण वेळोवेळी बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा बंदोबस्ताने ठेवावेत, अशा आशयाच्या सूचना आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभीचे ते शब्द आजही कोणत्याही दारूखान्याच्या दारावर लावावेत इतके व्यवहारी आहेत.

लढाईच्या धुमाळीत दारू मोजत बसणे सैनिकाला परवडत नाही. म्हणून युरोपात सतराव्या शतकात एकेका बाराची दारू लाकडी नळ्यांत भरून त्या पट्ट्याला टांगण्याची रीत होती. त्यापुढची पायरी म्हणजे कागदी काडतूस. मोजलेली दारू आणि गोळी कागदाच्या वळीत बांधलेली असे. शिपायाने ती दातांनी फोडायची, दारू नळीत ओतायची आणि गोळी कागदासकट ठासायची. कवायती फौजांबरोबर ही पद्धत हिंदुस्थानात रुळली. महादजी शिंद्यांनी द बॉयन याच्या हाताखाली अशाच कवायती पलटणी उभारल्या आणि त्यांच्यासाठी सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली आग्र्यास तोफा-बंदुका बनू लागल्या. बंदूक शिपायाच्या हाती राहिली, पण तिच्या पोटात जाणारा ऐवज आता कारखान्यातील अनोळखी हात बांधू लागले. काडतुसात काय आहे हे शिपायाला ऐकून माहीत, पाहून नव्हे.

ही गोष्ट किती मोठी होती, हे १८५७ साली कळले. नव्या एनफिल्ड बंदुकीच्या नळीला आतून पीळ होते. गोळी घट्ट बसणारी असल्यामुळे काडतुसाच्या कागदाला वंगण लावावे लागे. त्या वंगणात गाईची आणि डुकराची चरबी आहे, ही वार्ता जानेवारीत कलकत्त्याजवळच्या दमदम येथून पसरली. शाळेच्या पुस्तकात आपण इथपर्यंत वाचलेले असते. त्यापुढची हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही. जानेवारीच्या अखेरीस सरकारने हुकूम काढला की काडतुसे वंगणावाचून दिली जातील आणि शिपायांनी आपापल्या पसंतीचे वंगण स्वतः लावून घ्यावे. पुढे काडतूस दातांऐवजी बोटांनी फोडण्याचीही मुभा मिळाली. म्हणजे काडतूस सिद्ध करण्याच्या कामातला काही भाग सरकार पुन्हा शिपायाच्या हाती देऊ पाहत होते.

पण वेळ टळून गेली होती. सवलत मिळताच शिपायांना वाटले की संशय खराच असला पाहिजे. वंगण गेले तर कागदाच्या चकाकीवर शंका आली. २४ एप्रिल रोजी मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ९० निवडक स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. वस्तुतः त्या दिवशी वाटलेली काडतुसे जुन्याच, नेहमीच्या धाटणीची होती. ९ मे रोजी त्या स्वारांना भर कवायतीच्या मैदानात बेड्या ठोकल्या, १० मे रोजी मेरठ पेटले आणि १४ जूनला मुरारच्या छावणीतील ग्वाल्हेर कंटिंजंटही उठले. त्या उठावामागे खालसा झालेली संस्थाने, जमिनीचे प्रश्न, पगार आणि मानहानी अशी अनेक कारणे होती. काडतूस हे त्यांतले एक. परंतु सारा संताप नेमका काडतुसापाशी येऊन का थांबला, याचे उत्तर आम्हांस असे दिसते की, ज्या वस्तूवर आपला जीव आणि धर्म दोन्ही टांगलेले आहेत ती परक्याने बंद दाराआड बनवायची आणि आपण विश्वासाने तोंडात धरायची, हा व्यवहार विश्वास संपल्यावर एक दिवसही चालत नाही.

यानंतर दहा वर्षांच्या आत कागदी काडतुसाचेच दिवस भरले. १८६६ च्या सुमारास पितळी पुंगळीचे काडतूस दोन ठिकाणी आकारास आले. पुंगळीच्या बुडाशी ठिणगी देणारी छोटी टोपी असते. चाप ओढला की खिळा टोपीवर आदळतो, टोपीतील मसाला आतल्या ऐरणीवर चिरडून पेट घेतो आणि ज्वाला छिद्रातून दारूकडे जाते. अमेरिकेतील हायरम बर्डन याने ही ऐरण पुंगळीचाच भाग केली आणि तिच्या बाजूंना बारीक छिद्रे ठेवली. इंग्लंडमध्ये वुलिच येथील एडवर्ड बॉक्सर याने ऐरण टोपीत बसवली, त्यामुळे पुंगळीला मधोमध एकच छिद्र पुरले. गंमत अशी की, अमेरिकन बर्डनची टोपी युरोपात रूढ झाली आणि इंग्रज बॉक्सरची अमेरिकेत.

या अदलाबदलीचा परिणाम दूरवर झाला. बॉक्सरच्या पुंगळीत वरून सरळ सळई घातली की मधल्या छिद्रातून झडलेली टोपी बाहेर पडते आणि पुंगळी पुन्हा भरण्यास मोकळी होते. बर्डनच्या पुंगळीत ही सोय नाही. अमेरिकन माणसाच्या हाती पडलेली पुंगळी अशी होती की एकदा वापरून फेकून देणे त्याला वेडेपणाचे वाटावे. १८७० च्या दशकात तेथील माळरानावर रानरेड्यांची शिकार करणाऱ्यांना बाजारपेठ दूर असे. ते दारू, शिसे आणि टोप्या बरोबर नेत व रात्री मुक्कामी पुंगळ्या पुन्हा भरत. १८८४ साली जॉन बार्लो याने कनेटिकट राज्यात ‘आयडियल’ या नावाने ही हत्यारे घडवण्याचा उद्योग काढला. आपल्याकडे मात्र भरण्याचे काम पूर्णपणे सरकारी कारखान्यात गेले. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तर ब्रिटिश मुलखातील सामान्य माणसाच्या घरातून बंदूक जवळपास उठवलीच.

१८८४ मध्येच फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने धूरविरहित दारू सिद्ध केली आणि घरी भरण्याच्या कामाची सारी शिस्त बदलली. काळी दारू पुंगळी भरून टाकत असे, त्यामुळे चुकून दुप्पट पडण्याचा संभव नव्हता. नवी दारू तिच्यापेक्षा कितीतरी जोरकस आणि पुष्कळदा पुंगळीचा काही भागच व्यापणारी. नजर चुकली तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडू शकते, आणि तसा बार झाडणाऱ्याची बोटे, डोळे, प्रसंगी प्राणही घेतो. मापाची जागा तराजूने घेतली आणि अंदाजाची जागा छापील कोष्टकांनी.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद अमेरिकेत घरोघरी पोचला. कॅन्ससमधील ब्रूस हॉजडन याने युद्धातून उरलेली दारू सरकारकडून विकत घेऊन छांदिष्टांना विकण्यास आरंभ केला. कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन याने १९४३ साली ‘आर. सी. बी. एस.’ सुरू केली. त्या नावातील पहिली दोन अक्षरे ‘रॉक चक’ या खारीच्या कुळातील प्राण्याची आहेत. नेब्रास्कात जॉइस हॉर्नडी याने १९४९ मध्ये गोळ्यांचा कारखाना काढला. स्वतःपुरती काडतुसे भरणाऱ्याला तेथे केंद्रीय परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरली तर लागतो.

मुलाकडे अमेरिकेत राहिलो असता शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांचे हे काम आम्ही जवळून पाहिले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांनी ते आरंभले होते. मोटारीच्या खोलीत एक भक्कम मेज, त्यावर हाताच्या दांड्याने चालणारा दाबयंत्राचा सांगाडा, तराजू आणि एक जाड वही. रिकामी पुंगळी पुसून, चीर गेली आहे काय ते निरखून, दाबून मूळ आकारावर आणायची. जुनी टोपी काढून नवी बसवायची. दारू तोलून घालायची आणि वर गोळी बसवायची. पन्नास पुंगळ्या ओळीने मांडल्यावर ते दिव्याच्या उजेडात प्रत्येकीत वाकून पाहत. मेजावर एका वेळी एकाच प्रकारचा दारूचा डबा. धूम्रपान नाही, गप्पा नाहीत. काम संपल्यावर शिशासाठी हात साबणाने धुवायचे आणि मगच घरात पाऊल. आमच्याशी बोलायचे असेल तेव्हा ते काम थांबवून, डबा बंद करून मगच बोलत.

पैसे वाचतात काय, असे विचारता ते हसले. एकेक काडतूस स्वस्त पडते, पण मग माणूस अधिक झाडतो, असा त्यांचा हिशेब होता. २०२० आणि २०२१ साली तेथे काडतुसांची आणि टोप्यांची मोठी टंचाई झाली, तेव्हा घरी भरणाऱ्यांनाही टोप्यांवाचून हात बांधून बसावे लागले. स्वावलंबन म्हणावे, तर तेही तेथवरच.

मग उतारवयात माणसे याच्यामागे का लागतात? आम्हांस त्या वहीत उत्तर दिसले. कोणत्या दिवशी, कोणती दारू, किती तोलून, कोणत्या गोळीस, पुंगळी कितव्यांदा वापरली, निशाण कसे लागले, सारे तारीखवार. तरुणपणी माणूस स्मरणावर आणि हिमतीवर चालतो. साठीनंतर डोळे अधू होतात, आठवण दगा देते. आणि या कामात दोहोंची चूक क्षमा होत नाही. म्हणून तो लिहितो, दोनदा पाहतो, थकवा वाटला की उठतो. दफ्तरात आयुष्य काढलेल्या माणसाला ही शिस्त ओळखीची वाटते. फरक एवढाच की, दफ्तरात खालच्याने मांडलेल्यावर वरचा सही करतो. येथे मांडणाराही तोच आणि परिणाम भोगणाराही तोच.

आपल्या देशात हा छंद घरी करता येण्यासारखा नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमाने परवान्यावाचून काडतुसे तयार करण्यास मनाई आहे. भरणारा आणि झाडणारा एकच असण्याची जुनी रीत येथे उरली ती शेतकऱ्यापाशी. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्याच अधिनियमाच्या तेराव्या कलमात आहे. नूतनीकरणासाठी येणारे असे कितीतरी अर्जदार आम्ही पाहिले. रानडुकरांनी उभे पीक लोळवू नये म्हणून रात्री माचाणावर बसणारे हे लोक किती दारू, किती छर्रे, ठासणी किती घट्ट, हे बापाकडून शिकलेले. त्यांच्यापाशी वही नव्हती, पण शिस्त तीच. सुताराच्या मापाइतकी ती नेमकी होती.

शेवटी आपल्या घरांविषयी. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील आपल्यापैकी अनेक कुटुंबांत पणजोबांच्या वेळची एखादी ठासणीची बंदूक आहे. दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहिले जाते, एरवी ती भिंतीवर किंवा कपाटामागे असते. शेवटचा बार कोणी भरला आणि तो झाडला की तसाच राहिला, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. काळी दारू कोरडी राहिली तर कैक दशकांनंतरही जिवंत असते, आणि जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या स्थितीत सापडल्याची उदाहरणे जगभर आहेत. म्हणून पूजेच्या वेळी मुलांच्या हाती ती देऊ नये, चाप ओढून पाहू नये, नळी कोणाकडे रोखू नये. परवानाधारक दुरुस्तीकाराकडून नळी एकदा तपासून घ्यावी, आणि परवाना मयत आजोबांच्याच नावे असेल तर वारसाने कायदेशीर सोपस्कार पुरे करावेत. तपासणी झाल्यावर तारीख आणि तपासणाऱ्याचे नाव एका चिठ्ठीवर लिहून ती बंदुकीच्या दस्त्याला बांधावी. पुढच्या पिढीला निदान एवढे तरी ऐकीव न राहता लेखी मिळेल.