छाप कुणाची?

साच्यावर कापड विणतो साचेवाला. ताग्यावर छाप पडते ती गिरणीची. बाजारात माल विकला जातो छापेच्या नावावर, विणणाऱ्याला कोण विचारतो? म्हणून गिरणीतल्या माणसाला निवडणुकीतली छाप समजावून सांगावी लागत नाही. आपल्या आयाबाया 'हत्ती छाप', 'पंजा छाप' म्हणतात ते काही अडाणीपणानं नाही.

मित्रांनो, निवडणूक जवळ आली की आमच्या दहिसरच्या वस्त्यांमधून एकच सवाल फिरतो : "औंदा पाठिंबा कुणाला?" महापालिका असो नाहीतर विधानसभा, सवाल तोच. पण पाठिंबा ही एक चीज आहे आणि छाप ही दुसरी. दोन्हीची खिचडी पुढाऱ्यांनी शिजवली आणि आपण ती गिळली. ती कशी शिजली ते बघायला मागं जावं लागतं.

१९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ गेला. बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या, त्यातल्या मुंबई इलाख्याला १५. प्रत्येक जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनी चौघांची निवड करायची आणि मग त्या चौघांतला एक सगळ्यांच्या मतांनी, अशी अट होती. म्हणजे माणूस आपला, पण शेवटचा शिक्का दुसऱ्याच्या हातात. बाबासाहेबांनी हे नेमकं ओळखलं. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. छाप स्वतःची, आणि तीही जातीची नव्हे तर कष्टाची. १९३७ ला १७ उमेदवार उभे केले, त्यातले बहुतेक निवडून आले, काही तर सर्वसाधारण जागांवर. यात एक मेख होती. मुंबई इलाख्यात एकापेक्षा जास्त जागांच्या मतदारसंघात जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळीच्या सगळी एकाच उमेदवाराला देता येत. थोडे लोकसुद्धा एकवटले तर आपला माणूस काढू शकत.

स्वातंत्र्यानंतर ही सोय गेली. १९५२ च्या लोकसभेला उत्तर मुंबईत दोन जागा होत्या. मतदाराला दोन मतं, पण एका उमेदवाराला एकच. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, त्यात कागद टाकायचा. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती आणि समाजवाद्यांचा वड यांची युती झाली. हत्तीवाल्यानं दुसरं मत अशोक मेहतांच्या वडाला द्यायचं, वडवाल्यानं बाबासाहेबांच्या हत्तीला. मताला मत, रोखठोक. कुणी कुणाची छाप पुसली नाही.

दोघंही पडले. बैलजोडीवाले काजरोळकर बाबासाहेबांच्या पुढं गेले साडेचौदा हजार मतांनी, आणि त्या मतदारसंघात बाद झालेली मतं होती ७४ हजारांवर! कम्युनिस्टांनी लोकांना मतं वाया घालवायला सांगितलं, असा आरोप ठेवून बाबासाहेब आणि मेहता यांनी निवडणूक अर्ज केला. त्या कम्युनिस्टांत डांगे होते, तेही याच मतदारसंघात उभे होते. अर्ज फेटाळला गेला. घटना लिहिणाऱ्या माणसाला या मुंबईनं पाडलं, हे मात्र कुठल्याच अर्जानं पुसलं जाणार नाही.

१९५७ ला बृहन्मुंबईची हद्द आमच्या दहिसरपर्यंत आली. त्याच साली फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत राहून लढलं. दादासाहेब गायकवाड नाशिकमधून, बी. सी. कांबळे कोपरगावमधून लोकसभेत गेले. इथंही देणं-घेणं बरोबरीचं होतं. ३ ऑक्टोबरला नागपूरला रिपब्लिकन पक्ष उभा राहिला.

आणि मग १९६१. या सालाबद्दल आपल्या सभांमध्ये कुणी बोलत नाही. त्या वर्षी कायदा करून दोन जागांचे मतदारसंघ मोडले. एक जागा, एक मत. आता 'माझं दुसरं मत तुला, तुझं दुसरं मत मला' हा व्यवहारच संपला, कारण दुसरं मतच राहिलं नाही. युती करायची तर कुणीतरी बसायचं. आणि बसायला सांगतात ते नेहमी लहान्याला. माझ्या मते आपल्या फाटाफुटीचा अर्धा इतिहास या साध्या कायद्यात आहे. उरलेला अर्धा पुढाऱ्यांच्या खिशात.

१९६७ ला जिल्हा परिषदांच्या निवडणुकीसाठी गायकवाडांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला. सत्तेत थोडा वाटा मिळेल ही आशा होती, ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण त्यावरून पक्षातली फूट रुंदावत गेली. जानेवारी १९७४ ला मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या रामराव आदिकांना शिवसेनेचा पाठिंबा आणि रिपब्लिकन पुढाऱ्यांचाही! पँथरनं बहिष्कार पुकारला. ५ तारखेला वरळीला सभेनंतर दंगल पेटली, १० तारखेच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. निवडून आल्या कम्युनिस्ट रोझा देशपांडे, डांग्यांच्या कन्या. १९५२ चा हिशेब बघा कसा फिरून आला. पुढाऱ्यानं दिलेला पाठिंबा वस्तीनं मानलाच पाहिजे असं नाही, हे त्या महिन्यात कळलं. त्याची किंमतही कळली.

१९९८ ला चारही गट एका छताखाली आले आणि काँग्रेसच्या पाठिंब्यावर चौघं लोकसभेत गेले : अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून कवाडे, उत्तर-मध्य मुंबईतून आठवले. चारही जागा खुल्या. नाव रिपब्लिकन, पाठिंबा दुसऱ्याचा. म्हणजे हे जमतं. वर्षभरात पुन्हा चार वाटा झाल्या ते सोडा.

आता दहिसरचं घ्या. हा मतदारसंघ २००८ च्या फेररचनेत वेगळा झाला, जागा खुली. २००९ ला आठवले गट तिसऱ्या आघाडीत, म्हणजे सेनेच्या विरोधात. निवडून आली सेनाच. २०१२ ला महापालिकेत तोच गट सेना-भाजपबरोबर. २०१४ ला सेना-भाजप फुटले, गट भाजपकडे राहिला, दहिसर भाजपनं घेतलं. पाच वर्षांत एकाच पोरानं सेनेच्या विरोधात, सेनेसाठी आणि परत सेनेच्या विरोधात पत्रकं वाटली. निळा झेंडा तिन्ही वेळा गाडीवर होताच.

पण हाही नुसता पाठिंबा झाला. २०१९ च्या विधानसभेला आठवले गटाच्या वाट्याच्या जागा कमळावर लढल्या गेल्या. इथं गोष्ट बदलते. ए-बी फॉर्म ज्या पक्षाचा, उमेदवार कायद्यानं त्या पक्षाचा. १९८५ च्या पक्षांतरबंदीनं आमदार त्याच पक्षाच्या व्हिपला बांधला जातो, आणि १९८६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं नगरसेवकही. दलित वस्तीवर बुलडोझर घालायचा ठराव आला तर हात कुणाच्या हुकमानं वर होणार?

आणखी एक बारीक गोष्ट आहे. १९६८ च्या चिन्हांच्या आदेशाप्रमाणं पक्षाला मान्यता मिळते ती मतांच्या आणि जागांच्या हिशेबावर. कमळावर पडलेलं आपलं मत मोजलं जातं कमळाच्या खात्यात. आपलं खातं रिकामं. खातं रिकामं म्हणून मान्यता नाही, मान्यता नाही म्हणून चिन्ह नाही, चिन्ह नाही म्हणून पुढच्या वेळी परत दुसऱ्याच्या दारात.

स्वतःच्या नावावर लढणाऱ्यांचेही हाल कमी नाहीत. फेडरेशनचा तो हत्ती आज बसपाच्या नावावर आहे. वंचित बहुजन आघाडीला २०१९ च्या लोकसभेला बऱ्याच ठिकाणी कपबशी मिळाली, आणि काही महिन्यांनी विधानसभेला गॅस सिलिंडर. चिन्ह हातात पडतं माघारीची मुदत संपल्यावर, तेव्हा प्रचाराला उरतात जेमतेम दोन आठवडे. कपबशी पाठ झालेल्या म्हातारीला दारोदार जाऊन सिलिंडर शिकवायचा, तोही रात्री कामावरून सुटल्यावर.