त्स्वाना भाषेचे दोन धडे

आफ्रिकेच्या दक्षिण भागांतील त्स्वाना लोकांच्या भाषेचा पहिला धडा आमच्या मुलांसही सहज समजेल. ‘त्स्वाना’ या मूळ शब्दाच्या आरंभीं ‘मो’ जोडलें कीं त्या जातीचा एक माणूस, ‘बा’ जोडलें कीं पुष्कळ माणसें, ‘से’ जोडलें कीं त्यांची भाषा आणि ‘बो’ जोडलें कीं त्यांचा देश.

दुसरा धडा मात्र नुसत्या पुस्तकानें येत नाहीं. ‘ओ बुआ सेत्स्वाना’ या वाक्यांतील ‘ओ’ खालच्या सुरांत उच्चारिला तर ‘तूं सेत्स्वाना बोलतोस’ असा अर्थ होतो. वरच्या सुरांत उच्चारिला तर ‘तो बोलतो’ असा. कागदावर दोन्ही वाक्यें एकच दिसतात.

ही भाषा छापील ग्रंथांत आणण्याचें मोठें श्रेय स्कॉटलंडांतून आलेले मिशनरी रॉबर्ट मोफॅट यांस आहे. कुरुमान येथें राहून ते ती शिकले. त्यांनीं भाषांतरिलेलें लूककृत शुभवर्तमान इ. स. १८३० मध्यें छापून निघालें, व १८५७ पर्यंत समग्र बायबल. कार्य थोर खरें. पण त्या रोमन अक्षरांत सुरांस जागा नव्हती.

ही उणीव सॉलोमन प्लाइकी या त्स्वाना लेखकाच्या ध्यानीं आली. १९१३ च्या कायद्यानें दक्षिण आफ्रिकेंतील मूळ रहिवाशांस, राखून ठेवलेल्या अल्प भागाबाहेर, जमीन विकत घेण्याची बंदी झाली. त्याविरुद्ध दाद मागण्यास १९१४ सालीं जें शिष्टमंडळ लंडनास गेलें, त्यांत ते होते. दाद मिळाली नाहीं. पण तेथेंच ध्वनिशास्त्रज्ञ डॅनिअल जोन्स यांच्या वर्गांत त्यांनीं एक नवल पाहिलें. सेत्स्वानाचा गंधही नसलेले इंग्रज विद्यार्थी ध्वनिचिन्हें पाहून तिचीं वाक्यें बिनचूक उच्चारीत होते! परक्यांस जें साधतें, तें आपल्या मुलांस कां साधूं नये? १९१६ मध्यें या उभयतांचें वाचनपुस्तक निघालें. त्याच वर्षीं प्लाइकींनीं ७३२ म्हणींचा संग्रहही प्रसिद्ध केला.

१९३२ मध्यें ते वारले. जमिनीचा तो कायदा १९९१ पर्यंत टिकला. आज सेत्स्वाना ही बोत्स्वानाची राष्ट्रभाषा व दक्षिण आफ्रिकेच्या राजभाषांपैकीं एक आहे. पण नेहमींच्या लेखनांत सूर अद्यापि दाखवीत नाहींत. तो मुलांच्या कानीं घरच्या माणसांच्या तोंडूनच पडतो. कायद्यानें गेलेली जमीन कायद्यानें परत येऊं शकते. कानांतून गेलेला सूर परत आणणारा कायदा आम्हांस ठाऊक नाहीं. मुलांची मातृभाषा शाळेवर सोंपवून निश्चिंत होणाऱ्या आमच्याकडील आईबापांनींही याचा विचार करावा.