कारवानी : दख्खनचा राखणदार

आपल्या इंदिरानगरात बंगल्यांच्या राखणीस बहुधा अल्सेशियन असतो. दख्खनच्या स्वतःच्या राखणदाराची ओळख मात्र थोड्यांनाच आहे. सडपातळ अंगाचा, लांब मुखाचा, वाऱ्यासारखा धावणारा हा कारवानी कुत्रा. त्याचे पूर्वज व्यापारी तांड्यांबरोबर पश्चिम आशियातून आले, असे मानले जाते. आजच्या कर्नाटकातील मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली आणि तो ‘मुधोळ हाउंड’ म्हणून प्रसिद्धीस आला. २००५ साली तो टपाल तिकिटावर झळकला; २०१६ मध्ये लष्करी प्रशिक्षणासाठी मेरठला गेला. नाव संस्थानाचे झाले. परंतु शिकारीसाठी व राखणीसाठी त्याचा वंश जपला तो आपल्या भाकरीतला तुकडा त्याला देणाऱ्या खेडुतांनी. इतिहासाने त्यांचीही नोंद घ्यावयास हवी.