हरवलेल्या शक्तीचा शोध

होडीच्या मागच्या फळीला अडकवायचे इंजिन, म्हणजे आऊटबोर्ड मोटर, जुने झाले की एक तक्रार हमखास ऐकू येते. इंजिन सुरू होते, आवाजही बरा येतो, पण होडीला पूर्वीचा वेग येत नाही. इंजिन साफ बंद पडले तर दोष शोधणे त्या मानाने सोपे, कारण कुठेतरी एक गोष्ट पूर्ण थांबलेली असते. शक्ती घटलेल्या इंजिनात सगळेच चालू असते. काहीतरी एक पुरेसे चालत नसते, एवढेच. धक्क्याला बांधलेल्या होडीच्या दृष्टीने ही नुसती गैरसोय आहे. ओहोटीच्या ओढीविरुद्ध खाडीत शिरणाऱ्या होडीच्या दृष्टीने मात्र हा जिवाचा प्रश्न ठरू शकतो. हा दोष हुडकण्याची जी रीत आज जाणते मिस्त्री वापरतात, तिला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

होडीला काढता-घालता येणारे यंत्र लावण्याची कल्पना पेट्रोलच्या इंजिनापेक्षा जुनी आहे. ग्युस्ताव त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने १८८१ साली पॅरिसमध्ये सीन नदीवर विजेच्या मोटरीने होडी चालवून दाखवली होती. पुढे १९०५ च्या सुमारास अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याने पेट्रोलवर चालणारे असे इंजिन बनवले. ही यंत्रे खऱ्या अर्थाने लोकांच्या हाती गेली ती ओले एव्हिनरूड या मूळच्या नॉर्वेच्या कारागिरामुळे. त्याने १९०९ साली बाजारात आणलेले इंजिन दीड अश्वशक्तीचे होते आणि त्याचे वजन सुमारे २८ किलो होते. वर आडवे सिलिंडर, त्यातून खाली पाण्यात उतरणारा उभा दांडा, टोकाला दातेरी चाकांची जोडी आणि तिने फिरणारा पंखा, ही त्याची रचना पुढे जवळजवळ सर्वांनीच स्वीकारली.

या रचनेकडे शक्तीचा प्रवास म्हणून पाहिले, तर दोष शोधण्याची वाट दिसू लागते. इंधनातील रासायनिक ऊर्जा ठिणगीने उष्णतेत बदलते, उष्णता दट्ट्याला ढकलते, दट्ट्या दांडा फिरवतो, दांडा पंख्याला आणि पंखा पाण्याला ढकलतो. यातल्या कोणत्याही सांध्यात गळती झाली, तरी होडीत बसलेल्याला दिसते ते एकच: वेग कमी झाला. कारणे अनेक आणि लक्षण एक. मग सुरुवात कुठून करायची?

या प्रश्नाचे उत्तम उत्तर एव्हिनरूडच्याही आधी, एका वेगळ्याच बोटीवर मिळाले होते. वाफेचे टर्बाइन बनवणारे इंग्लंडचे चार्ल्स पार्सन्स यांनी १८९४ साली 'टर्बिनिया' ही बोट पाण्यात उतरवली. अपेक्षा मोठी होती. पण चाचणीत वेग २० नॉटच्याही पुढे जाईना. टर्बाइन नवे होते, त्यामुळे संशय त्याच्यावरच येणार. पार्सन्स यांनी टर्बाइन खोलत न बसता, टर्बाइन आणि पंखा यांच्या मधोमध दांड्याचा पीळ मोजणारे उपकरण बसवले. माप सांगत होते, की टर्बाइनकडून शक्ती हवी तेवढी मिळते आहे. म्हणजे ती हरवत होती पंख्यापाशी. अतिवेगाने फिरणाऱ्या पात्यांमागे पाण्याचा दाब इतका घटत होता, की तिथे वाफेच्या पोकळ्या तयार होऊन पंख्याची पकड सुटत होती. पार्सन्स यांनी तीन दांड्यांवर मिळून नऊ पंखे बसवले, आणि १८९७ साली टर्बिनियाने सुमारे ३४ नॉट, म्हणजे ताशी ६३ किलोमीटर वेग गाठून दाखवला.

शक्तीची वाट मध्येच तोडा आणि सांध्यावर माप घ्या, हा यातला धडा. आऊटबोर्डच्या बाबतीत हे माप इंजिनाच्या फेऱ्यांवरून घेता येते. इंजिन नेहमीपेक्षा जोरात फिरत असेल आणि होडी मात्र रेंगाळत असेल, तर शक्ती पाण्याच्या बाजूला वाया जाते आहे. अनेक इंजिनांच्या पंख्यात रबराची बुशी असते. दगडावर आपटले तर दाते तुटू नयेत म्हणून. ती जुनी झाली की आतला दांडा फिरतो आणि पंखा मागे राहतो. यासाठी आतल्या धातूवर आणि बाहेरच्या भागावर मिळून एक सरळ रेघ मारतात व होडी चालवून आणतात. रेघ तुटली तर बुशी सरकली. याउलट इंजिनच दमल्यासारखे कमी फिरत असेल, तर आधी पंख्यात दोर किंवा जाळे अडकले नाही ना, तळाला शिंपले-शेवाळ चिकटले नाही ना, हे पाहावे. तेही नसेल, तर दोष वर, इंजिनात आहे.

इंजिनात शिरताना इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे यांची आठवण ठेवावी लागते. बहुतेक जुनी आऊटबोर्ड इंजिने दोन धावांची आहेत, आणि त्यांचे साधे रूप डे यांनी १८९१ च्या सुमारास सिद्ध केले. दट्ट्याच्या खालची बंद पेटी, म्हणजे क्रँककेस, हीच त्यांनी पंप म्हणून वापरली. दट्ट्या वर जाताना पेटीत मिश्रण ओढले जाते. खाली येताना ते दाबून सिलिंडरमध्ये ढकलले जाते. वेगळ्या झडपांचा पसारा गेला, इंजिन हलके झाले. पण या सोयीची किंमतही आहे. पेटीचे सील झिजले की पंपच गळू लागतो. अशा वेळी सिलिंडरचा दाब मापकावर ठीक दिसतो, ठिणगीही ठीक पडते, तरी शक्ती घटलेली असते. इंजिन कसे चालते हे ज्याला ठाऊक नाही, तो या दोषापर्यंत पोचूच शकत नाही.

सिलिंडर दोन असतील तर आणखी एक शक्यता असते. एव्हिनरूड यांनी १९२१ साली दोन सिलिंडरचे हलके इंजिन आणले. अशा इंजिनात एक सिलिंडर निकामी झाला, तरी दुसरा इंजिन ओढत राहतो. म्हणून एका वेळी एकाच सिलिंडरची ठिणगी थांबवून पाहतात. ती थांबवूनही इंजिनाला काहीच फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीच मेलेला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो.

इंधनाच्या बाजूचा एक दोष तर शाळेच्या पुस्तकातलाच आहे. टाकीच्या झाकणावरचे हवेचे भोक बंद राहिले, की आतील इंधन कमी होत जाते तसा आतला दाबही घटतो आणि बाहेर येणारी धार मंदावते. सुरुवातीला नीट चाललेले इंजिन काही वेळाने दम सोडते. झाकण सैल करताच ते पूर्ववत झाले, तर निदान झाले.

भारतात या यादीत रॉकेलची भर पडली. १९८० च्या दशकात केरळच्या किनाऱ्यावर लहान होड्यांना आऊटबोर्ड झपाट्याने लागली, आणि त्यांपैकी बरीच रॉकेलवर चालणारी होती. रॉकेल थंड इंजिनात नीट वाफाळत नाही, म्हणून सुरुवात पेट्रोलवर करावी लागते. ते ठोका लवकर देते, म्हणून सिलिंडरातील दाबही कमी ठेवावा लागतो. शिवाय जळताना काजळी जास्त धरते. ती दट्ट्याच्या कड्यांत आणि धूर बाहेर जाण्याच्या तोंडात साचते. जळलेला वायू पूर्ण बाहेर पडला नाही, तर ताज्या मिश्रणाला जागा उरत नाही. ही घट रोज थोडी थोडी होते, म्हणून चालवणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

दोषांतून उद्योग उभा राहिल्याचे उदाहरणही याच इतिहासात आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील सीडरबर्ग येथे कार्ल कीकहेफर याने १९३९ साली एक बुडीत कारखाना घेतला. त्याला तिथे चुंबकीय उपकरणे बनवायची होती. कारखान्यात गिऱ्हाईकाने नाकारलेली सुमारे ३०० आऊटबोर्ड इंजिने पडून होती. ती भंगारात न काढता त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांत सुधारणा करून ती विकली, आणि आणखी मागणी आली. पुढे प्रसिद्ध झालेली 'मर्क्युरी' इंजिने या कामातून जन्मली.

वर्गात एवढे सगळे खोलून दाखवणे शक्य नाही. पण झाकणाच्या भोकाचा प्रयोग सहज जमतो. पाण्याने भरलेल्या डब्याच्या झाकणाला आधी एकच बारीक भोक पाडावे व डबा उलटा धरावा. मग डब्याच्या बुडाला दुसरे भोक पाडून पुन्हा तसेच करावे. धारेत पडलेला फरक मुलांना दिसेल. त्यानंतर त्यांना विचारावे: होडी अर्ध्या वाटेत मंदावली आहे, तर पहिली तपासणी कोणती कराल, आणि तिच्या उत्तरावरून दुसरी कोणती? उत्तरापेक्षा तपासण्यांचा क्रम त्यांना का लावावासा वाटला, हे ऐकण्यासारखे असते.