लहान मुलांतील सिलिअॅक रोग : लक्षणे ओळखताना

होसकोटे (बंगळुरू) : नाचणीचे मुद्दे आणि भात हे ज्या भागाचे पिढीजात अन्न, तेथे गव्हामुळे जडणाऱ्या आजाराची शंका सहसा कोणाच्या मनात येत नाही. शहाजीराजांच्या जहागिरीतील ठाणे म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले होसकोटे आज बंगळुरूच्या पूर्वेकडील औद्योगिक पट्ट्यात मोडते. कोलारमार्गे चेन्नईकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या या भागात कामानिमित्त बाहेरून आलेल्या अनेकांच्या घरी रोज पोळी होते. स्थानिक घरांतही उप्पिट, रवा इडली, शेवया आणि बिस्किटे आहेतच. बाळाच्या वरच्या आहारात गहू येतो तो बहुधा याच वाटांनी.

गहू, जव व राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. आनुवंशिक कल असलेल्या व्यक्तीने ते खाल्ले की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात आणि मूल पोटभर जेवूनही उपाशी राहते. ही गव्हाची अॅलर्जी नव्हे. अॅलर्जीत गांधी, उलट्या किंवा धाप ही लक्षणे बहुधा काही मिनिटांत वा तासांत दिसतात, तर सिलिअॅक रोगाचे नुकसान महिनोन्महिने मुकाट्याने होत राहते.

गव्हाशी असलेले हे नाते नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी उलगडले. १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्यात तेथे पाव मिळेनासा झाला, तेव्हा या आजाराची मुले सुधारताना दिसली आणि डिके यांच्या जुन्या संशयाला बळ मिळाले. त्यांचा प्रबंध १९५०चा आहे.

भारतात २३ हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीवर आधारित एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोगाचे प्रमाण उत्तरेत हजारी सुमारे साडेआठ, तर दक्षिणेत दहा हजारांत जेमतेम एक आढळले. अनुकूल जनुके मात्र दोन्हीकडे जवळपास सारख्याच, म्हणजे तिघांत एकाहून थोड्या अधिक लोकांत होती. फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोजचा गहू सुमारे ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. दक्षिणेत हा रोग विरळा आहे हे खरे. परंतु त्याच कारणाने तो येथे उशिरा ओळखला जाण्याचा धोका अधिक, आणि आहार बदलत चाललेल्या शहरी पट्ट्यात जुन्या आकड्यांवर फार विसंबणे शहाणपणाचे नाही.

लक्षणे बहुधा सहा महिन्यांनंतर, आहारात गहू येऊन काही काळ लोटल्यावर दिसू लागतात. तोवर बाळसेदार असलेल्या मुलाचे वजन थबकते किंवा उतरते. आठवडेच्या आठवडे जुलाब होतात. शौच मोठे, फिकट, तेलकट आणि अतिशय दुर्गंधीयुक्त असते. पोट फुगून पुढे येते, हातपाय व कुल्ले मात्र वाळतात. मूल चिडचिडे होते आणि जेवणाकडे पाठ फिरवते. वाढीच्या तक्त्यावरील वजनाची रेषा गहू सुरू झाल्यानंतर आडवी झाली आहे का, हे पाहणे सर्वांत सोपे. त्यासाठी माता व बाल संरक्षण कार्ड जपून ठेवावे.

सर्वच मुलांत मात्र चित्र असे ठळक नसते. कित्येकांना जुलाब होतच नाहीत, उलट बद्धकोष्ठता असते. थोड्या मोठ्या मुलांत खुंटलेली उंची, वारंवार दुखणारे पोट, तोंडात येणारे व्रण, कायमच्या दातांच्या लुकणातील दोष किंवा ठिसूळ हाडे हीच काय ती खूण असते. सर्वांत फसवे लक्षण म्हणजे रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. एवढ्या गर्दीत सिलिअॅकचे मूल सहज हरवते. लोहाचे औषध नियमित देऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, तर मात्रा वाढवत राहण्याऐवजी ते का शोषले जात नाही हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला हवा.

अशी लक्षणे जंत, जिआर्डियाचा संसर्ग, क्षयरोग किंवा दुधातील साखर न पचणे यांतही दिसतात. त्यामुळे घरच्या घरी निदान करू नये. बालमधुमेह, थायरॉइडचे विकार किंवा डाउन सिंड्रोम असलेली मुले आणि रुग्णाची सख्खी भावंडे यांना धोका अधिक असतो. त्यांची तपासणी लक्षणे नसतानाही करून घेणे योग्य.

पहिली पायरी टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी. सोबत एकूण आयजीएचे प्रमाण पाहतात, कारण ते मुळातच कमी असेल तर अहवाल खोटा दिलासा देतो. पुढे दुर्बिणीतून आतड्याचा नमुना घेऊन खात्री केली जाते. युरोपीय बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार प्रतिपिंडे दहापट किंवा अधिक वाढलेली असतील आणि दुसऱ्या नमुन्यातील वेगळी चाचणीही सकारात्मक असेल, तर काही मुलांत नमुना टाळता येतो.

चाचणीपूर्वी गहू बंद करू नये, हे येथे आवर्जून सांगायला हवे. शेजारपाजारच्या सल्ल्याने पोळी थांबवली की मूल सुधारते, प्रतिपिंडे उतरतात आणि निदान अडते. मग खात्रीसाठी तेच अन्न पुन्हा अनेक आठवडे देण्याची वेळ येते. मात्र तीव्र जुलाब, ग्लानी, सुकलेले तोंड किंवा अंगावर सूज असेल, तर चाचण्यांची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

निदान पक्के झाल्यावर उपचार एकच, आयुष्यभर ग्लूटेनमुक्त आहार. तांदूळ, नाचणी, ज्वारी, बाजरी, मका व डाळी चालतात, त्यामुळे होसकोट्यातील किंवा सोलापुरातील घराला हा बदल पंजाबी घराइतका जड जाऊ नये. अडचण वेगळ्याच ठिकाणी उद्भवते. गिरणीत गव्हानंतर दळलेल्या नाचणीत गव्हाचे पीठ मिसळते. त्यासाठी धान्य निवडून घरीच दळणे सुरक्षित. बाजारातील पुष्कळशा हिंगात गव्हाचे पीठ असते, माल्टयुक्त पेयांत जव असते आणि सातूच्या पिठात बहुधा दोन्ही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात ग्लूटेन किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. आहार पाळल्यावर चिडचिड व जुलाब बहुधा काही आठवड्यांत कमी होतात, वजन त्यानंतर भरते. प्रतिपिंडे उतरायला मात्र कित्येक महिने लागतात, म्हणून रक्तचाचणी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते.