अन्नवस्त्र की वाटा?

आपल्यामागे घर अपंग मुलाच्या नावे ठेवावे की भावंडांच्या, आणि नावे केले तर त्याची पेन्शन बंद होईल का, असा प्रश्न वृद्ध आईबाप वकिलाला विचारतात. प्रश्न आजचा वाटतो, पण त्यातला पेच फार जुना आहे. आपल्या परंपरेत अपंगाला अन्नवस्त्र किंवा वाटा यांपैकी एकच काही मिळत आले.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बहिरा, मुका, वेडा अशांना वारशात वाटा नाकारला आहे. लगेच पुढे त्यांना जन्मभर अन्नवस्त्र देण्याची आज्ञा आहे, आणि न देणारा पतित ठरतो. याज्ञवल्क्याच्या शब्दांत असे लोक ‘निरंशक’, पण ‘भर्तव्य’. म्हणजे वाटा नाही, पण पोसायलाच हवे. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त या नियमाला थोडी ढील दिली. वाटणीनंतर आलेल्या व्यंगाने मिळालेला हिस्सा जात नाही, आणि औषधाने व्यंग बरे झाले तर वाटणीनंतरही हिस्सा मिळतो, असे त्याने म्हटले.

या व्यवस्थेत दया होती, पण तिची किल्ली भावाच्या कनवटीला होती. ताट मिळे, पण ते वाढणाऱ्याच्या मर्जीने. घरातून कोणी बाहेर काढू नये, एवढे बळ त्या ताटात नव्हते.

इंग्रजी अमदानीत न्यायालयांनी हाच नियम कायदा म्हणून चालवला. आंधळेपण जन्मापासूनचे की नंतरचे, यावर साक्षीपुरावे होऊ लागले. १९२८च्या कायद्याने रोग किंवा व्यंग एवढ्याच कारणावरून वारसा नाकारणे बंद केले. मात्र जन्मतः वेडे किंवा मतिमंद असलेल्यांना त्यातून वगळले, आणि बंगालातल्या दायभाग पंथाला तो कायदा लागूच केला नाही. ज्याला घराची गरज सर्वांत जास्त, तोच दाराबाहेर राहिला. हिंदू वारसा कायद्याच्या २८व्या कलमाने १९५६ साली तोही अडसर काढला.

वाटा मिळाला, पण तो सांभाळायचा कोणी? १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी सज्ञान झाल्यावरही पालक नेमण्याची सोय केली. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत पालकाने मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा. भावाच्या मर्जीच्या जागी हिशेबाची वही आली.

अन्नवस्त्राची जबाबदारी आता काही अंशी सरकारने उचलली आहे. तिथे जुना पेच नव्या रूपात भेटतो. २००९ साली सुरू झालेली केंद्राची अपंग पेन्शन ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब या दोन अटींवर मिळते. त्यात केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. ग्रामीण भागात दारिद्र्य मोजण्यासाठी २००२ साली जे १३ निकष लावले, त्यांत घराचा प्रकारही होता. पक्क्या घराला गुण जास्त, आणि गुण वाढले की नाव यादीबाहेर. बापाने आयुष्यभर खपून बांधलेल्या भिंतीच मुलाच्या पेन्शनच्या आड येऊ शकतात.

केंद्रीय कर्मचाऱ्याच्या अपंग अपत्याला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाची अट २०२१ साली सैल झाली. आता त्याचे इतर उत्पन्न देय निवृत्तिवेतन आणि त्यावरील महागाई भत्ता यांच्या बेरजेपेक्षा कमी असले की पुरे. हा निकष उत्पन्नाचा आहे, मालमत्तेचा नाही. त्यामुळे राहते घर आणि भाड्याने दिलेले घर यांत फरक पडतो.

म्हणून मृत्युपत्र करताना नुसते नाव लिहून भागत नाही. घराची मालकी कोणाची, त्यात राहण्याचा हक्क कोणाचा, दुरुस्ती कोणाच्या पैशाने आणि हिशेब कोणापुढे, हे आईबापांना धडधाकट असतानाच लिहून ठेवावे लागते. निरंशक हा शब्द कायद्यातून जाऊन सत्तर वर्षे होत आली. पण वाटा मिळाला म्हणून अन्नवस्त्र तुटावे, अशी अट जिथे उरते तिथे तो शब्द अजून पुरता गेलेला नाही.