सत्याऐंशीव्या हिश्शाची शकुंतला

पुण्या-साताऱ्याकडची मुले दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभारतात. आमच्या वऱ्हाडातली मुले पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चाकांवरचा लाकडी नंदी ओढीत तान्ह्या पोळ्याला जातात. दोन्ही खेळ प्रतिकृतीचे, आणि दोन्ही चारचौघांनी पाहावे म्हणूनच मांडलेले. पण दोघांच्या नशिबात मोठा फरक आहे. किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत कसाबसा तग धरतो आणि मग हळिवाच्या रोपांसकट अंगणात मिसळून जातो. नंदी मात्र धुऊन-पुसून, शिंगांना नवा रंग लावून माळ्यावर ठेवला जातो. आजोबांचा नंदी नातू मिरवतो आणि बक्षीसही घेऊन येतो.

आगगाडीची प्रतिकृती या दोन कुळांपैकी कोणत्या कुळातली? हा प्रश्न वरवर पोरकट दिसतो. पण जगातल्या भल्याभल्या हौशी माणसांना त्याने उतारवयात झोप लागू दिलेली नाही.

प्रतिकृती म्हणजे नुसते खेळण्यातले इंजिन नव्हे. रूळ, सांधे, सिग्नल, स्थानक, पूल, झाडे, फलाटावरची माणसे असा सारा संसार एका प्रमाणात लहान करून मांडावयाचा, आणि त्यातून विजेवर गाडी वेळापत्रकाने चालवावयाची. हौशी लोक याला ‘लेआउट’ म्हणतात. आपण मांडणी म्हणू. या छंदाचे मूळ जर्मनीत आहे. ग्योपिंगेन गावची मेर्क्लिन नावाची पेढी मुळात बाहुलीच्या घरातली भांडीकुंडी करीत असे. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत तिने इंग्रजी आठच्या आकड्याच्या रुळांवर धावणारी गाडी मांडली आणि रुळांच्या रुंदीला ठरावीक क्रमांक दिले. यातली खुबी दुकानदारीची होती. बाहुलीला यंदा चूल घेतली की पुढच्या वर्षी पाटा-वरवंटा घ्यावा लागतो, तसेच यंदा गाडी घेतली की पुढल्या नाताळात सांधा, त्याच्या पुढल्या वर्षी पूल. म्हणजे ही वस्तू जन्मतःच ‘पुढे काय?’ हा प्रश्न घेऊन आली.

१९१० साली लंडनमध्ये मॉडेल रेल्वे क्लब निघाला. त्या छंदाच्या जगात या मंडळाला मोठा मान आहे. त्याच १९१० साली मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. पण एकीकडे सभ्य गृहस्थ बैठकीच्या खोलीत रूळ टाकीत होते आणि दुसरीकडे त्यांचेच भाऊबंद आमच्या कापसाच्या रानात रूळ टाकण्याचे हिशेब करीत होते, हे चित्र मला मोठे मौजेचे वाटते. वऱ्हाडात टाकलेले ते रूळही काही फार मोठे नव्हते: दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट.

त्या काळी यवतमाळ हे जिल्ह्याचे नवे ठिकाण होते. पूर्वीच्या वणी जिल्ह्यात दारव्हा आणि पुसद हे तालुके घालून १९०५ साली आजचा जिल्हा घडला. भोवती काळी जमीन आणि कापूस. मुंबई-नागपूर मोठी लाईन मूर्तिजापुरावरून गेलेली. तिथपर्यंत कापूस बैलगाडीने न्यावयाचा म्हणजे दिवसच्या दिवस मोडत. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मूर्तिजापुराहून दोन फाटे निघाले: एक अचलपूरला, ७६ किलोमीटरांचा, आणि दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटरांचा. हीच लोकांची ‘शकुंतला’. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरात घडले, १९२३ साली कामावर रुजू झाले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. आमचा कापूस ज्या गावच्या गिरण्यांनी कातला, त्याच गावचे इंजिन तो कापूस ओढावयाला आले, यात विनोद आहे की आणखी काही, हे ज्याने त्याने ठरवावे.

स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे कंपन्या सरकारकडे आल्या, तरी ही लाईन मालकीच्या दृष्टीने तशीच राहून गेली. रूळ कंपनीचे, गाडी चालविणार सरकार, आणि मधे करार. वर्तमानपत्रे तिला हौसेने ‘इंग्रजांची शेवटची रेल्वे’ म्हणत. किलिक निक्सन ही पेढी १८५७ साली इंग्रजांनी काढली हे खरे. पण ती भारतीय मालकांच्या हाती जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. १९९४ नंतर डिझेलचे इंजिन लागले. गाडी इतकी सावकाश जाई की ‘उतरून लघुशंका करून पुन्हा चढावे’ हा विनोद कुठल्याही लहान गाडीबद्दल सांगतात, तो इथे विनोद राहत नसे. २०१६ साली रुंद रुळांची घोषणा झाली. आज अडीच फुटांची गाडी धावत नाही आणि साडेपाच फुटांची आलेली नाही. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब हा नव्या मोठ्या लाईनीचा तुकडा सुरू झाला. म्हणजे यवतमाळकडे रेल्वे पुन्हा येत आहे, पण दुसऱ्या दिशेने आणि दुसऱ्या मापाची.

तेव्हा शकुंतलेची प्रतिकृती करावी, हा विचार ज्याला सुचणार नाही तो वऱ्हाडी नव्हे. पण विचार सुचणे आणि गणित करणे वेगळे. जगात सर्वांत रूढ प्रमाण आहे ते १ : ८७, ज्याला एचओ म्हणतात. साडेपाच फूट उंचीचा माणूस या प्रमाणात जेमतेम १९ मिलिमीटरांचा होतो. आता गंमत पाहा. आपल्या मोठ्या लाईनीची रुंदी १६७६ मिलिमीटर. तिला ८७ ने भागले तर १९ मिलिमीटरांहून थोडी अधिक येते. पण बाजारात मिळणारे एचओ रूळ १६.५ मिलिमीटरांचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या लाईनीवरून बेतलेले. म्हणजे आपली मेलगाडी त्यांवर चढवावयाची तर तिला पाय जुळवून उभे राहावे लागते. शकुंतलेचे मात्र तसे नाही. तिची रुंदी ७६२ मिलिमीटर. ८७ ने भागता येते ८.७६. आणि याहून लहान असलेल्या ‘एन’ नावाच्या प्रमाणाचे ९ मिलिमीटरांचे रूळ तयार मिळतात! पाव मिलिमीटराचा फरक कोण मोजतो? सगळ्या भारताने जिला मागासलेली म्हणून हिणविले, ती लहान गाडी परदेशी रुळांवर मेलगाडीपेक्षा अधिक नेटकी बसते.

मात्र लांबीचे गणित तितके दयाळू नाही. ११३ किलोमीटरांना ८७ ने भागा: सुमारे १३०० मीटर. खेळण्यातली शकुंतलाही सव्वा किलोमीटराहून लांब! एवढी जागा कुणाच्या वाड्यात नाही. म्हणजे निवड आली: काय ठेवावयाचे आणि काय गाळावयाचे. मूर्तिजापुराचे आवार ठेवलेच पाहिजे, कारण तिथे लहान गाडीतला माल मोठ्या गाडीत चढे. दोन रुंदीचे रूळ शेजारी शेजारी. कारंजा ठेवावे, दारव्ह्याचे मोतीबाग स्थानक ठेवावे, यवतमाळ तर हवेच. मधले कापसाचे रान कोपऱ्याच्या वळणावर संपवावे. इतिहास लिहिताना हेच करावे लागते; फक्त तिथे गाळलेले कोणाच्या लक्षात येत नाही, इथे गाडी चार वावांत दारव्ह्याला पोहोचते आणि म्हातारी माणसे हसतात.

महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्याचे. भाऊसाहेब जोशी यांनी आधी फिरती मांडणी करून तिची प्रदर्शने भरविली. ज्याने एकदा तरी गणपतीची आरास केली आहे त्याला फिरत्या मांडणीचे हाल सांगावयास नकोत. तुकडे जोडावयाचे, तारा जुळवावयाच्या, रुळांच्या सांध्यावर केसाएवढी उंची राहिली तरी डबे घसरतात. आणि सारे जुळून लोक वाहवा करू लागले की मोडावयाची वेळ येते. शेवटी जोशी यांनी कोथरूडला कायमची मांडणी उभारली आणि १ एप्रिल १९९८ रोजी ती लोकांना खुली झाली. वाफेच्या इंजिनापासून अतिवेगवान गाडीपर्यंत सारे तिथे धावते. दिवे मंद होऊन रात्र पडते आणि त्या इवल्या शहरातले दिवे लागतात, तेव्हा पोरांपेक्षा बापच जास्त वेळ उभे राहतात. किल्ला करणाऱ्यांच्या मुलखात एका माणसाने नंदी घडविला, असे मला यात वाटते. संस्थापकाच्या हौसेला जागा, तिकीट, दुरुस्ती आणि पुढची पिढी यांची जोड मिळाली, म्हणून ते टिकले.

अशी जोड न मिळाली तर काय होते? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावी जॉन ॲलन नावाचा छायाचित्रकार होता. त्याने आपल्या घराच्या तळघरात जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभारून त्यांतून गाडी नेली. रेल्वेचे नाव ठेवले ‘गॉरी अँड डिफीटेड’, म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत! जगभरचे हौशी तिची छायाचित्रे पाहून शिकले. १९७३ च्या जानेवारीत ॲलन हृदयविकाराने वारला, आणि दहा-बारा दिवसांच्या आत त्या घराला आग लागून मांडणी नष्ट झाली. उरली ती छायाचित्रे. उलट इंग्लंडात जॉन अहर्न या गृहस्थाची ‘मॅडर व्हॅली’ नावाची मांडणी, तो १९६१ साली गेल्यावर, पेंडनच्या संग्रहालयाने सांभाळली. हे संग्रहालय काढणाऱ्या रॉय इंग्लंड या मूळच्या ऑस्ट्रेलियन माणसाची गोष्ट आम्हांला अधिक जवळची आहे. १९२५ साली तो इंग्लंडात आला. खेड्यांतली जुनी शाकारलेली घरे डोळ्यांदेखत पालटत आहेत असे पाहून त्याने ती मोजून, टिपून, लहान प्रमाणात जशीच्या तशी करण्याचे व्रत घेतले. गाडी हे निमित्त. वाचवावयाचे होते गाव.

माझा पेशा मास्तरकीचा असल्याने विज्ञान प्रदर्शने पुष्कळ पाहतो. ज्वालामुखी, धरण, पवनचक्की, सारे दोन दिवस दिमाखात उभे राहते आणि तिसऱ्या दिवशी थर्मोकोल उकिरड्यावर. त्यामुळे शकुंतला करावयाची तर ती एकाच्या घरात आणि एकाच शाळेत नसावी, असे माझे मत झाले आहे. याला मार्ग आहे आणि तो चाललेला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत नऊ मिलिमीटर रूळवाल्या हौशी मंडळींनी एक ठराव केला: प्रत्येकाने चार फूट लांब आणि दोन फूट रुंद असा सुटा पाट करावा. वर देखावा कसलाही करा. पण पाटाच्या दोन्ही टोकांना रूळ ठरलेल्या जागीच आले पाहिजेत आणि तारांची जोडणी एकसारखी पाहिजे. मग एकमेकांना न पाहिलेली माणसे एका दिवाणखान्यात येऊन पाट जोडतात आणि गाडी सगळ्यांच्या गावांतून धावते. आमच्याकडे कारंजाच्या मुलांनी कारंजा करावे, दारव्ह्याच्यांनी दारव्हा, मूर्तिजापूरकरांनी आवार. एक पाट मोडला, एखाद्या गावाचा उत्साह आटला, तरी लाईन तुटत नाही. तेवढे स्थानक गाळून गाडी पुढे जाते.

अडचणी आमच्या हवेच्याच असतील. बारा व्होल्टचा प्रवाह रुळांतून चाकांत आणि चाकांतून इंजिनात जातो. रुळावर धुळीचा पापुद्रा आला की गाडी ठप्प. आमच्याकडे धुळीला काय तोटा! मेमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत चार मीटर रुळाची लांबी सुमारे दोन मिलिमीटरांनी वाढते, म्हणून जोडांत फट ठेवावी लागेल, अगदी खऱ्या रेल्वेसारखी. पावसाळ्यात साधी फळी वाकते. त्यावर चांगले प्लायवूड आणि खालून आडव्या पट्ट्या, हा सुतारी इलाज कोणीही सांगेल.

वेळेची अडचण मात्र सुताराच्या हातची नाही. १९९४ साली वाफेच्या इंजिनावर विशीत कोळसा टाकणारा माणूस आज पन्नाशी उलटून गेला आहे; त्या वेळचे मुरलेले चालक ऐंशीच्या घरात असतील किंवा नसतीलही. इंजिन पाणी कुठे घेई, फलाटावर चिंच होती की कडुनिंब, तिकिटाच्या खिडकीला कोणता रंग होता, हे कागदोपत्री सापडणार नाही, त्यांच्याकडेच सापडेल. म्हणून मुलांनी फळी कापण्याआधी वही घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावे.

पहिला पाट दारव्हा-मोतीबागचा करावा असे मी सुचवीन. ते धड टोकाचे नाही आणि फार अवघडही नाही. रंग लावण्यापूर्वी पाट उलटा करून त्याच्या पोटावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे: लाल तार कुठून कुठे गेली, काळी कुठे, सांध्याचा खटका कोणत्या बाजूला, रूळ कोणत्या महिन्यात टाकले. दहा वर्षांनी गाडी अडेल तेव्हा तो पाट उघडणारा मुलगा आज कदाचित जन्मलाही नसेल.